पगार : एका शब्दाची थकबाकी

१

मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी रोज येणाऱ्या शब्दांत 'पगार' या शब्दाचा क्रम बराच वरचा लागेल. हा शब्द इतका आपला झाला आहे की, त्याच्या परकेपणाची शंकाही सहसा कोणाला येत नाही. 'टेबल', 'स्टेशन', 'ऑफिस' यांचे परकेपण कानाला जाणवते. 'पगार' मात्र 'शेजार', 'बाजार', 'आजार' यांच्या रांगेत निमूट बसतो. प्रत्यक्षात हे स्पॅनिश आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांतले अगदी नेहमीचे क्रियापद आहे. 'पागार' म्हणजे पैसे देणे, देणे भागवणे. स्पॅनिश शिकणाऱ्याला पहिल्या काही आठवड्यांतच जी क्रियापदे पाठ करावी लागतात, त्यांत ते असते. मराठीत ते आले पोर्तुगीजांच्या द्वारे, स्पॅनिशांच्या नव्हे. परंतु क्रियापदाचे रूप दोन्ही भाषांत एकच आहे, आणि १५८० ते १६४० या साठ वर्षांत तर गोवा, वसई, चौल येथील ठाणी ज्या राजमुकुटाच्या अंमलाखाली होती, तोच मुकुट माद्रिदच्याही राजाच्या मस्तकावर होता. त्यामुळे मराठी 'पगार' समजून घेताना स्पॅनिश 'पागार' हा आरसा म्हणून समोर धरता येतो. ज्या भाषेत हे क्रियापद आजही जिवंत आणि बहुप्रसव आहे, तिथे ते काय काय करते आणि आपल्याकडे येऊन त्याचे काय झाले, ही तुलना उद्बोधक ठरते.

प्रस्तुत लेखाचा हेतू केवळ व्युत्पत्ती सांगण्याचा नाही. व्युत्पत्ती कोशात सापडते. प्रश्न असा आहे : यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे बहुसंख्य माणसे शेती आणि शेतमजुरी यांवर जगतात, तिथे 'पगार' हा शब्द कोणाच्या वाट्याला येतो आणि कोणाच्या वाट्याला येत नाही? ज्यांच्या वाट्याला तो येत नाही, त्यांच्या कष्टाच्या मोबदल्याला भाषेने कोणती नावे दिली आहेत? आणि त्या नावांचा साहित्याशी काय संबंध पोहोचतो?

२

'पागार'चे मूळ लॅटिन 'पाकारे' या क्रियापदात आहे. 'पाक्स' म्हणजे शांतता. 'पाकारे' म्हणजे शांत करणे, समाधान करणे. धनको दाराशी येऊन बसला आहे, त्याला देणे देऊन शांत केले, असा तो अर्थविकास आहे. याच धातूपासून फ्रेंच भाषेच्या मार्गाने इंग्रजी 'पे' हा शब्द झाला. म्हणजे मुंबईच्या एखाद्या कचेरीत 'पे-स्लिप' आणि 'पगारपत्रक' हे दोन शब्द एकाच टेबलावर शेजारी पडलेले असतात, तेव्हा दोन चुलत भावांची ओळख नसलेली भेट झालेली असते.

स्पॅनिशमध्ये 'पागार'चा संसार मोठा आहे. खाणावळीत बिल देण्यापासून घराचे भाडे भरण्यापर्यंत सर्वत्र तेच क्रियापद चालते. परंतु पैशापाशी ते थांबत नाही. 'मे लास पागारास' म्हणजे 'हे तुला फेडावे लागेल', ही धमकी आहे. 'पागार लोस प्लातोस रोतोस', शब्दशः फुटलेल्या बशांचे पैसे भरणे, म्हणजे दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा आपण भोगणे. 'एल के ला आसे, ला पागा' ही म्हण म्हणजे आपले 'करावे तसे भरावे'. देणेघेणे, अपराध आणि प्रायश्चित्त या तिन्ही व्यवहारांवर एकाच क्रियापदाची सत्ता आहे. नोकरीच्या मोबदल्याला मात्र तिथे 'सुएल्दो' किंवा 'सालारिओ' ही निराळी नामे आहेत. रोजाच्या कमाईला 'होर्नाल', आणि रोजाने राबणाऱ्याला 'होर्नालेरो'.

मराठीत याच्या नेमके उलट घडले. क्रियापद आले, पण क्रिया गळून पडली. 'पगारणे' असे आपण म्हणत नाही. मूळ क्रियापदाचे नाम झाले, त्याला पुल्लिंग मिळाले, 'पगाराचा', 'पगारापुरता' अशी सामान्यरूपे झाली, 'पगारी', 'बिनपगारी', 'पगारदार', 'पगारवाढ' असा गोतावळा तयार झाला, आणि अर्थ आकसून एकाच बिंदूवर स्थिरावला : नोकरीचा ठराविक मुदतीने मिळणारा मोबदला. अपराध आणि प्रायश्चित्त यांचे क्षेत्र मराठीने या पाहुण्याला दिले नाही, कारण तिथे 'फेडणे' आणि 'भोगणे' ही घरची क्रियापदे आधीच बसलेली होती.

'फेडणे' या क्रियापदाकडे क्षणभर पाहणे अगत्याचे आहे. फेडणे म्हणजे सोडवणे, उलगडणे. धोतर फेडतात, गाठ फेडतात, तसेच कर्ज फेडतात, नवस फेडतात, पांग फेडतात आणि पापही फेडतात. लॅटिन कल्पनेत देणे म्हणजे बिघडलेली शांतता. मराठी कल्पनेत देणे म्हणजे बसलेली गाठ. दोन भाषांनी ऋण या एकाच अनुभवाला दोन वेगळ्या रूपकांनी हात घातला आहे.

३

हा शब्द नेमका कोणत्या वर्षी मराठीत शिरला हे सांगण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. परंतु तो कोणत्या दाराने शिरला याचा माग लागतो. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाने 'पगार' हा मुंबईच्या घरगुती बोलीत मजुरीसाठी सर्रास चालणारा शब्द म्हणून नोंदवला आहे, आणि तो पोर्तुगीज क्रियापदाचाच नामासारखा केलेला वापर आहे असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे. मूळचे गोव्याचे असलेले भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा जो कोश सिद्ध केला, त्यातही या शब्दाची दखल आहे. 'घरगुती बोली' हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. हा शब्द दरबारातून किंवा ग्रंथांतून आला नाही. तो आचारी, हमाल, खलाशी, आया आणि त्यांचे मालक यांच्या व्यवहारातून आला. अशा संपर्कात परक्या क्रियापदाची सारी रूपे शिकायला कोणाला सवड नसते. मूळ रूप तेवढे कानावर राहते, आणि तेच वस्तूचे नाव होऊन बसते.

दरबारात त्या वेळी या कल्पनेसाठी शब्दांची वाण नव्हती. 'तनखा', 'दरमहा', 'मुशाहिरा', 'रोजमुरा', 'तैनात' ही फार्सी-अरबी वळणाची नावे पेशवाईच्या कागदपत्रांत आढळतात. संस्कृत 'वेतन' होतेच. या सर्वांना मागे सारून बंदरातला एक शब्द घराघरांत पोहोचला. भाषेच्या इतिहासात अशी उदाहरणे विरळ नाहीत, पण त्यांचा अर्थ लावावा लागतो. 'तनखा' आणि 'तैनात' यांना सरंजामी संबंधांचा वास होता; त्यांत धन्याची मर्जी होती. शहरी नोकरीतला करार, ठरलेली रक्कम आणि ठरलेला दिवस यांसाठी लोकांना एक कोरा शब्द हवा होता. परका शब्द कोरा असतो, ही त्याची सोय असते.

एकाच गलबतातून मराठी किनाऱ्यावर जे शब्द उतरले, त्या सर्वांना घाट चढून वऱ्हाडापर्यंत येता आले नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. पुण्या-मुंबईचा 'बटाटा' यवतमाळात 'आलू' असतो. तिकडचा 'पेरू' इकडे 'जाम' म्हणून विकला जातो. भाजी आणि फळे यांची नावे वऱ्हाडाने उत्तरेकडून घेतली किंवा आपलीच ठेवली. 'पगार' मात्र जसाच्या तसा पोहोचला. भाजी गावच्या बाजारात पिकते आणि विकली जाते. पगार कचेरी, शाळा, रेल्वे आणि गिरणी यांच्याबरोबर येतो. शब्दांचेही रस्ते असतात, आणि हा शब्द बैलगाडीच्या वाटेने न येता फायलीच्या वाटेने आला असावा, असा तर्क करता येतो. पैनगंगा ओलांडून तेलंगणात गेले की तो थांबतो. तिथे 'जीतम्' सुरू होते. तेलुगू 'जीतम्' म्हणजे पगार, आणि 'जीतगाडु' म्हणजे सालाने किंवा कर्जापोटी बांधला गेलेला शेतगडी. त्या भाषेने कारकुनाचा आणि बांधील गड्याचा मोबदला एकाच शब्दात ठेवला. मराठीने मात्र त्यांच्यात भिंत घातली.

४

या भिंतीचा इतिहास पाहण्यापूर्वी वऱ्हाडच्या राजकीय इतिहासातील एक घटना लक्षात घेतली पाहिजे, कारण यवतमाळ जिल्ह्याचे आधुनिक रूपच मुळी थकलेल्या पगारातून जन्मले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. 'हैदराबाद कंटिन्जंट' या नावाने ओळखली जाणारी, नावाने निजामाची पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौज निजामाला पोसावी लागे. तिचा खर्च त्याच्या तिजोरीला पेलवेना. शिपायांचे पगार थकू लागले, की कंपनी आपल्या तिजोरीतून रक्कम आगाऊ देई आणि ती निजामाच्या नावे कर्ज म्हणून मांडे. हे कर्ज वाढत गेले. अखेर मे १८५३ मध्ये, लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल असताना, झालेल्या तहान्वये वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख कंपनीच्या कारभाराखाली देण्यात आले. त्यांच्या महसुलातून आधी फौजेचा पगार भागवायचा, आणि उरेल ते निजामाला द्यायचे, अशी योजना होती. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर दुआब परत करण्यात आले, सुमारे ५० लाखांचे कर्ज सोडून देण्यात आले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी हातचे सोडले नाही. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये खंडाने ते कायमचेच घेतले. हिंदुस्थानातील कापसाचा उत्तम पट्टा आपण मिळवला, याचे समाधान डलहौसीने कारकीर्द संपताना लिहून ठेवले आहे.

म्हणजे ज्या काळ्या मातीतून कापूस निघत होता, ती माती एका फौजेच्या पगारासाठी तारण पडली. तहाच्या इंग्रजी मसुद्यात तो 'पे' होता. मुंबईच्या स्वयंपाकघरात त्याच धातूचा 'पगार' झाला होता. शांत करण्याच्या त्या लॅटिन क्रियापदाच्या दोन शाखा दोन दिशांनी वऱ्हाडात आल्या, एक कलकत्त्याहून सत्तेच्या रूपाने आणि दुसरी मुंबईहून शब्दाच्या रूपाने. त्या दोहोंची किंमत शेतसाऱ्यातून ज्याने भरली, त्या कुणब्याला मात्र यांपैकी कोणत्याच अर्थाने पगार मिळत नव्हता.

१८६४ मध्ये वऱ्हाडाच्या आग्नेय भागाचा वेगळा जिल्हा करण्यात आला. तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला, आणि १९०५ च्या पुनर्रचनेत पुसद तालुका जोडून त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. दरम्यान १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली होती. कारंज्याला १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद मापाचा लोहमार्ग आला. बाजारात कापसाचा 'लिलाव' होऊ लागला. 'लिलाव' हाही पोर्तुगीजच शब्द आहे. एकाच भाषेकडून घेतलेल्या दोन शब्दांपैकी 'पगार' कचेरीकडे गेला आणि 'लिलाव' शेतकऱ्याच्या दारात उभा राहिला, कधी त्याच्या मालाचा, कधी त्याच्या जमिनीचा.

महात्मा फुले यांनी १८८३ साली सिद्ध केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात या व्यवस्थेचे मर्म नेमके पकडले आहे. गोऱ्या आणि काळ्या सरकारी नोकरांचे मोठाले पगार आणि पेन्शने शेतकऱ्याच्या कष्टावर उभी आहेत, हा त्यांच्या मांडणीचा एक मुख्य धागा आहे. मराठी गद्यात 'पगार' या कल्पनेची इतकी मूलगामी चिकित्सा त्यापूर्वी झाली नव्हती, आणि त्यानंतरही क्वचितच झाली.

५

फेर्दिनांद द सोस्यूर यांच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषिक मूल्याची कल्पना स्पष्ट करण्यासाठी त्यांनी नाण्याचा दृष्टान्त घेतला आहे. पाच फ्रँकचे नाणे भाकरीसारख्या वेगळ्या वस्तूशी बदलता येते आणि एक फ्रँकसारख्या सजातीय नाण्याशी ताडून पाहता येते. शब्दाचेही तसेच आहे. त्याचे मूल्य शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदातून ठरते. पैशाविषयीच्याच शब्दाला हा पैशाचा दृष्टान्त लावून पाहण्यात औचित्य आहे. यवतमाळच्या बोलीत 'पगार'च्या आसपास जे शब्द उभे आहेत, त्यांच्याशी त्याचे नाते तपासले तरच त्याचे मूल्य कळेल.

पहिला शेजारी 'मजुरी'. ती दिवसाची असते, कापूस वेचणीच्या दिवसांत तर किलोची असते. बाई जितका वेचेल तितकी तिची मजुरी, आणि अनेक गावांत हिशोब बाजाराच्या दिवशी. दुसरा 'साल'. सालदार पाडव्याच्या सुमारास ठरतो. त्याला रोख आणि धान्य मिळून वर्षाचा आकडा ठरवून दिला जातो, आणि त्यातली उचल तो बहुधा आधीच खाऊन बसलेला असतो. तिसरा 'चुकारा'. हा कास्तकाराचा शब्द. कापूस मोजून दिल्यावर त्याचे जे पैसे मिळायचे असतात, त्याला चुकारा म्हणतात. १९७२ मध्ये, पुसदजवळच्या गहुली गावचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि हा शब्द घरोघर पोहोचला. पहिला चुकारा, दुसरा चुकारा, फरकाची रक्कम, अशी वाट पाहणे शेतकऱ्याच्या वर्षाचा भाग झाले. ही योजना या शतकाच्या आरंभी मोडीत निघाली, शब्द उरला.

आता या नावांबरोबर कोणती क्रियापदे येतात ते पाहावे. पगार 'होतो'. 'पगार झाला का?' असे आपण विचारतो, जशी सकाळ होते, पाऊस होतो. या वाक्यात कर्ता नाही. देणारा दिसत नाही, म्हणून घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही. मजुरी मात्र कोणीतरी 'देतो', किंवा ती 'पडते'. काय मजुरी पडते, असा प्रश्न असतो. साल 'ठरवावे' लागते आणि ते 'मोडते'. चुकारा 'निघतो', 'अडकतो', 'थकतो'. या क्रियापदांच्या साखळीत शक्तिसंबंधांची सारी उतरंड आली आहे. पगाराला व्याकरणानेच निसर्गनियमाची प्रतिष्ठा दिली आहे. मजुरीला दात्याची गरज ठेवली आहे. चुकाऱ्याला अनिश्चिततेच्या स्वाधीन केले आहे.

पगारही थकतो, हे खरे. पण पगार थकला की ती बातमी होते, मोर्चा निघतो, कारण त्या शब्दात हक्काचा दिवस अध्याहृत आहे. चुकारा थकणे हा जणू चुकाऱ्याचा स्वभावच मानला जातो. 'चुकता करणे' आणि 'चुकवणे' यांच्या शेजाराकडे लक्ष दिले तर ही संदिग्धता भाषेतही दिसते. हिशोब चुकता करणे म्हणजे भागवणे. कर चुकवणे म्हणजे टाळणे. भागवणे आणि टाळणे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी कास्तकाराचा चुकारा लोंबकळत असतो.

स्पॅनिशभाषक जगातही ही भिंत होती, आणि तिथल्या भाषेने तिची खूण जपली आहे. मेक्सिकोत मजुरी मिळण्याला 'रायार' असे क्रियापद आहे; 'राया' म्हणजे रेघ. लिहिता-वाचता न येणाऱ्या मजुराच्या नावापुढे हजेरीची रेघ ओढत, म्हणून पगाराचा दिवस तो रेघेचा दिवस. मोठ्या जमीनदारीतल्या दुकानाला 'तिएन्दा दे राया' म्हणत. तिथे मजुरी वस्तूंच्या उधारीत कापून घेतली जाई, आणि मजूर पिढ्यान्‌पिढ्या कर्जात राही. १९१७ च्या मेक्सिकन राज्यघटनेच्या १२३ व्या कलमाने मजुरी चलनी नाण्यातच दिली पाहिजे, असा दंडक घातला. 'पागार' या क्रियापदाला तिथे रेघेच्या तावडीतून सोडवण्यासाठी क्रांती व्हावी लागली. हजेरीपटावरची रेघ आणि सालदाराच्या उचलीची वही यांत अंतर फारसे नाही.

६

स्वातंत्र्योत्तर काळात राज्यसंस्थेने या शब्दसंग्रहात स्वतःची भर घातली. कायद्याच्या भाषेत 'वेतन' आले, वेतन आयोग आले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची योजना सुरू केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि १९७९ पासून तो अंमलात आणला. २००५ मध्ये केंद्रानेही त्या धर्तीवर कायदा केला. कामाचा हक्क कायद्याने मान्य केला ही घटना ऐतिहासिक खरीच, पण त्या हक्काच्या मोबदल्याचे नाव 'मजुरी' हेच राहिले. अंगणवाडी सेविका १९७५ पासून आणि आशा कार्यकर्त्या २००५ नंतर गावोगाव राबू लागल्या. त्यांना मिळते ते 'मानधन'. शब्द मोठा सुसंस्कृत आहे. व्याख्यात्याला, परीक्षकाला जे द्यायचे, ते मानधन. परंतु जी बाई रोज ठरल्या वेळी ठरलेले काम करते, तिच्या बाबतीत 'मान' हा शब्द 'धन' कमी देण्याची सबब होतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असा निर्णय दिला आणि त्यांचे मानधन हे त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वेतनच ठरते, असे म्हटले. एका शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे गेला, आणि तो अर्थ बदलल्याबरोबर हजारो स्त्रियांची आयुष्ये बदलण्याची शक्यता निर्माण झाली. अर्थमीमांसा हा केवळ अभ्यासकांचा विरंगुळा आहे, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

शेतकऱ्यासाठी राज्यसंस्थेने 'मदत', 'अनुदान', 'माफी' आणि अलीकडे 'सन्मान निधी' ही नावे योजली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६००० रुपये तीन हप्त्यांत दिले जाऊ लागले. तिचा सोळावा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळ येथील कार्यक्रमातच वितरित झाला. रकमेच्या पुरेपणाची चर्चा अर्थशास्त्रज्ञ करतील. भाषेच्या अभ्यासकाला दिसते ते असे की, या सर्व शब्दांत दात्याचा हात ठळक आहे. मदत कोणी तरी करतो, माफी कोणी तरी देतो, सन्मान कोणी तरी करतो. 'माफी'त तर अपराधही गृहीत आहे. कर्ज फिटले नाही हा जणू गुन्हा होता. स्पॅनिश 'पागार'मध्ये देणे आणि अपराध यांचे जे साहचर्य दिसले, ते मराठी 'पगार'ने टाकून दिले होते. ते 'कर्जमाफी'च्या वाटेने शेतकऱ्याच्या अंगावर परत आले.

१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि मुलांसह जीवन संपवले. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत त्या घटनेचा उल्लेख आरंभबिंदू म्हणून होतो. त्यानंतरच्या दशकांत या जिल्ह्याचे नाव देशभर त्याच एका संदर्भात घेतले जाऊ लागले. अशा मृत्यूंचे कारण एखाद्या शब्दात शोधणे हास्यास्पद आणि अमानुष ठरेल. परंतु ज्या समाजाच्या भाषेत कष्टाच्या मोबदल्याला हक्काची तारीख लावणारा एक शब्द आहे, आणि तो शब्द कष्ट करणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्गाला लागू पडत नाही, त्या समाजाने आपला कोश एकदा तपासून पाहायला हरकत नाही.

७

मराठी साहित्याचा या प्रश्नाशी संबंध दुहेरी आहे. एक तर आधुनिक मराठी साहित्य दीर्घकाळ पगारदारांनी, पगारदारांसाठी लिहिलेले साहित्य आहे. शिक्षक, कारकून, प्राध्यापक, पत्रकार हे त्याचे लेखक आणि तेच त्याचे वाचक. महिनाअखेरची ओढाताण हा मराठी कथेचा एक हुकमी विषय होता. पगार पुरत नाही, ही त्या साहित्याची व्यथा. पगार नावाची गोष्टच नाही, ही व्यथा त्या चौकटीत शिरायला वेळ लागला.

वऱ्हाडच्या लेखकांनी ती चौकट मोडली. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीतील कौतिक रोजाने राबून संसार उभा धरू पाहते. तिच्या जगात महिना हे कालमापन नाही. आजचा रोज आणि उद्याची चूल एवढेच आहे. वऱ्हाडी बोलीतून उभी राहिलेली ही कादंबरी केवळ बोलीमुळे वेगळी ठरत नाही. तिच्यातील काळाची जाणीवच वेगळी आहे, आणि ती जाणीव मोबदल्याच्या स्वरूपातून आली आहे. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) या कादंबरीत तिढा आणखी पुढे जातो. नायक एकनाथ उच्चशिक्षित आहे. नोकरीसाठी मोजायला पैसा नाही म्हणून तो शेतीत अडकला आहे. त्याच्या संसारात जो दुरावा येतो, त्याच्या मुळाशी न मिळालेला पगार आहे. 'पगार' येथे अनुपस्थितीने कादंबरीचे नियंत्रण करतो. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही जुनी म्हण कशी उलटी झाली, याचे या दोन कादंबऱ्यांमधील बेचाळीस वर्षे हे जणू मोजमाप आहे.

जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली यवतमाळ येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अनेक वादांनंतर त्याचे उद्घाटन शेतकरी आत्महत्येत पती गमावलेल्या एका स्त्रीच्या हस्ते झाले. त्या निवडीमागील हेतूंविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु त्या व्यासपीठावर दोन शब्दसंग्रह समोरासमोर आले होते. खाली बसलेल्या बहुतेकांचा पगार महिन्याच्या आरंभी झालेला होता. वर उभ्या असलेल्या बाईच्या घरात तो शब्द कधी आला नव्हता. मराठी समीक्षेने त्या क्षणाचे वाचन संमेलनाच्या राजकारणापुरते केले. त्यातील भाषिक दरी वाचायची राहून गेली.

८

वलोशिनोव्ह यांनी १९२९ साली असे प्रतिपादन केले की, चिन्ह हे वर्गसंघर्षाचे रणांगण असते. एकाच शब्दात निरनिराळे वर्ग निरनिराळे स्वर मिसळतात. 'पगार' या शब्दाच्या बाबतीत संघर्षाचे स्वरूप थोडे वेगळे दिसते. येथे झगडा शब्दाच्या अर्थावर कमी आणि शब्दाच्या हद्दीवर अधिक आहे. कोण या शब्दाच्या आत, कोण बाहेर, हा प्रश्न आहे. अंगणवाडी सेविकांनी न्यायालयात जे मागितले, ते या हद्दीच्या आत येणे होते. शेतमालाला हक्काचा भाव मागणारा शेतकरीही, शब्द न उच्चारता, तेच मागत असतो : ठरलेली रक्कम, ठरलेला दिवस, आणि देणाऱ्यापुढे मान न झुकवता घेण्याची सोय.

'बिनपगारी, फुल अधिकारी' अशी एक मराठी म्हण झाली आहे. अधिकार गाजवणाऱ्या पण कोणीही न नेमलेल्या माणसाची ती थट्टा आहे. तिचा व्यत्यास यवतमाळच्या शिवारात उभा आहे : बिनपगारी आणि बिनअधिकारी. त्याच्यासाठी म्हण झालेली नाही.

'पागार' म्हणजे मुळात शांत करणे. ज्याचे देणे लागतो, त्याला देऊन त्याच्या मनाला स्वस्थता आणणे. मराठीने हा शब्द घेताना क्रिया सोडली, नाम घेतले. देण्याची कृती विसरली, मिळण्याची तारीख लक्षात ठेवली. ज्यांना ती तारीख मिळाली, ते शांत झाले. ज्यांना मिळाली नाही, त्यांचे देणे अजून बाकी आहे. त्या देण्याचा आकडा अर्थखात्याने काढावा. ते देणे आहे, मदत नव्हे, एवढे तरी भाषेच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवले पाहिजे.